न भुंकता चावणारा कुत्रा

मुंबईतल्या जुन्या बंदांविषयी मी काही वर्षांपूर्वी टिपणे काढत होतो. गिरण्यांचे संप, मिठावरच्या कराविरुद्धची आंदोलने, असे काही हाती लागेल या अपेक्षेने चाळता चाळता एका वेगळ्याच नोंदीपाशी थांबलो. ७ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटातली दुकाने बंद राहिली. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारे खाण्यापिण्याचे सामान अडवले गेले. लष्कर बोलवावे लागले. आणि कारण काय, तर कुत्री.

माझे विषय सहसा असेच ठरतात. मी पशुवैद्यक नाही, प्राणिशास्त्राचा पदवीधरही नाही. छापखान्यात हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. इंग्रजी वाचायला शिकलो ते शब्दकोश मांडीवर ठेवून. पण या नोंदीपाशी मी थांबलो त्याला घरचेही एक कारण होते. ते पुढे सांगतो.

आधी १८३२. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम त्याआधी वीसेक वर्षांपासून होता. उन्हाळ्यातल्या ठरावीक मुदतीत शिपायांनी कुत्री मारायची आणि दर कुत्र्यामागे आठ आणे घ्यायचे. त्या काळी आठ आणे म्हणजे थोडी रक्कम नव्हे. त्या वर्षी मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली. बक्षीस कुत्र्याच्या संख्येवर असेल तर रस्त्यावरचा कुत्रा शोधत हिंडण्यापेक्षा दारातला कुत्रा उचलणे सोपे, हे कळायला फार अक्कल लागत नाही. दारात बसलेली, माणसाळलेली, हाक मारल्यावर शेपटी हलवत येणारी कुत्री आधी मारली गेली. खरोखर अंगावर येणारी कुत्री पळून गेली असणार. ६ जूनला पारशी लोकांचा सणाचा दिवस होता. त्या दिवशी कोटात सुमारे दोनशे पारशांचा जमाव गोऱ्या शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी बंद पडला आणि त्यात जैन, हिंदू, मुसलमान व्यापारीही उतरले. धरपकड झाली, खटले झाले. जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी मध्ये पडून, कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत अशी तडजोड घडवली. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. त्यामागेही जमशेटजी होते.

सरकारची बाजूही लक्षात घ्यायला हवी. पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली ती १८८५ मध्ये. १८३२ साली पिसाळलेला कुत्रा चावला की वाट पाहण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही नव्हते. ती भीती खोटी नव्हती. चूक होती ती डोकी मोजून पैसे देण्यात. कोणता कुत्रा धोक्याचा आणि कोणता नाही, हा प्रश्नच त्या पद्धतीत कुणाला विचारावा लागत नव्हता.

पारशी लोक कुत्र्यांसाठी एवढे का उसळले, हे शोधताना मी 'वेंदिदाद'पर्यंत पोहोचलो. एकोणिसाव्या शतकातला दार्मेस्तेतर यांचा इंग्रजी अनुवाद वाचनालयात मिळाला. पारशांच्या अंत्यविधीत मृतदेह कुत्र्याला दाखवतात, त्या विधीला 'सगदीद' म्हणतात, एवढे मी ऐकून होतो. पण या ग्रंथाचे तेरावे प्रकरण जवळजवळ पूर्ण कुत्र्यांवरच आहे, हे माहीत नव्हते. मेंढपाळाचा कुत्रा, घर राखणारा कुत्रा, भटका कुत्रा. कुणाला वाईट अन्न दिले तर काय शिक्षा, कुणाला मारले तर काय. पुढच्या एका प्रकरणात तर कुत्र्याला फार गरम अन्न किंवा घशात अडकणारे कठीण हाड देणेही पाप मानले आहे. व्यायला आलेली कुत्री ज्याच्या घराजवळ असेल, त्याने तिला सांभाळायचे.

त्याच तेराव्या प्रकरणात दोन प्रकारच्या कुत्र्यांचा एकत्र उल्लेख येतो: पिसाळलेला कुत्रा आणि न भुंकता चावणारा कुत्रा. अशा कुत्र्याच्या गळ्यात लाकडी खोडा घालावा आणि तोंड बांधावे, असे सांगितले आहे. तरीही त्याने माणसाला किंवा मेंढीला इजा केली, तर पहिल्या वेळी उजवा कान, दुसऱ्या वेळी डावा, पुढे पाय आणि शेपूट कापण्याची शिक्षा आहे. आजच्या कानांना हे क्रूर वाटेल, आणि ते आहेच. पण लगेच पुढचा प्रश्न येतो तो, कुत्र्याचे भान हरपले असेल तर काय करावे, हा. उत्तर असे: श्रद्धावान माणसावर जसे उपचार कराल तसे त्याच्यावर करावेत. औषध घेत नसेल तर बांधून ठेवावे. का, तर तो विहिरीत किंवा नदीत पडून त्याला इजा होऊ नये म्हणून.

'न भुंकता चावणारा' हे शब्द वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. त्या दिवशी पुढे वाचले नाही.

*

१९८३ साली मी बारा वर्षांचा होतो. आमच्या तालुक्याच्या गावी घराला मोठे परसू होते. चोऱ्या होत होत्या म्हणून आप्पांनी एक पिल्लू आणले, पिशवीतून. ते जेमतेम महिन्याचे असेल. रात्रभर ओरडत होते. त्याचे नाव मी ठेवले, मोत्या. चौथ्या महिन्यापासून त्याला पेरूच्या झाडाला साखळीने बांधले, ते कायमचेच. 'मोकळा सोडला की सगळ्यांच्या ओळखीचा होतो, मग राखणीला काय उपयोग?' हे आप्पांचेच नव्हे, सगळ्या गावाचे शास्त्र होते. कान कातरले की कुत्रा तिखट होतो, हेही त्याच शास्त्रातले. आमच्याकडे कान कातरले नाहीत, ते आईच्या हट्टामुळे.

मोत्या माझ्याशिवाय कुणाच्या हातचे खात नसे. खाताना कुणी जवळ गेले की गुरगुरे, अगदी मी गेलो तरी. आप्पांना ते खपत नसे. 'ज्याची भाकरी खातो त्याच्यावर गुरगुरतो?' म्हणत ते वेताची छडी घेत. महिना-दोन महिने हे चालले. मग मोत्याचे गुरगुरणे थांबले. थाळीपाशी हात नेला तरी आवाज नाही, नुसता ताठ उभा राहायचा. आप्पा म्हणाले, 'सुधारला.' मलाही तसेच वाटले. मी शाळेत सांगितले की आमचा कुत्रा आता कुणावर गुरगुरत नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या काकूंचा धाकटा, सहा वर्षांचा, चेंडू आणायला परसात गेला. चेंडू थाळीजवळ पडला होता. मोत्याने त्याचा गाल फाडला. मी दहा-बारा हातांवर होतो. कसलाही आवाज आला नाही. आधी पोराची किंकाळी ऐकू आली.

*

या प्रसंगाचा अर्थ मला तीस-पस्तीस वर्षांनी लागला, तोही तुकड्यातुकड्यांनी.

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' अशी आपली म्हण आहे. ती अर्धी खरी आहे. भुंकणे आणि गुरगुरणे म्हणजे चावा टाळण्याचा प्रयत्न. कुत्रा अस्वस्थ झाला की आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो. मग अंग आखडतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. मग गुरगुर, मग हवेत तोंड मारणे, आणि सगळ्यात शेवटी चावा. ब्रिटिश पशुवैद्यक केंडल शेपर्ड यांनी याला शिडीची उपमा दिली आहे. खालच्या पायऱ्यांवर कुत्र्याचे म्हणणे ऐकले गेले तर त्याला वर चढावे लागत नाही. आम्ही काय केले? मधली एक पायरी छडीने काढून टाकली. भीती तशीच राहिली, उलट वाढली, कारण आता थाळीजवळ येणाऱ्या माणसाबरोबर छडीही येत होती. सूचना तेवढी गेली. न भुंकता चावणारा कुत्रा आम्ही घरी घडवला होता.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मालकांना विचारले होते की तुम्ही घरी काय काय करून पाहिले आणि कुत्र्याने काय केले. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्के लोकांच्या बाबतीत कुत्रा उलटून अंगावर आला होता. नुसती नजर रोखून दबकावणाऱ्यांतही हे प्रमाण ३० टक्के निघाले.

'कुत्र्याला त्याची जागा दाखवावी लागते, नाहीतर तो टोळीचा म्होरक्या बनतो' ही समजूत शहरातल्या सुशिक्षित घरांत आजही ऐकू येते. ती आली लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले कोंडलेले लांडगे पाहून १९४७ मध्ये वर्चस्वाच्या लढायांचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना जगभर पोहोचली. पण मेक स्वतः पुढे एल्झमिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर अनेक उन्हाळे राहिले, आणि १९९९ मध्ये त्यांनी लिहिले की रानातली टोळी म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले, एक कुटुंब. आपलेच पुस्तक खोडायला मोठे मन लागते. पण आपल्याकडे अजून पहिलेच मत चालते, कारण ते छडीच्या सोयीचे आहे.

दुसरी गोष्ट पिल्लाच्या वयाची. अमेरिकेत बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तेरा वर्षे पिल्लांवर काम केले. त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जगाची ओळख करून घेते. माणसे, मुले, इतर कुत्री, आवाज यांतले जे त्या दिवसांत भीतीशिवाय भेटते, ते पुढे आपले वाटते. जे भेटत नाही ते परके. मोत्याचे ते दिवस आधी आईवेगळे आणि मग परसातल्या एका कोपऱ्यात गेले. सहा वर्षांचे धावणारे पोर त्याला काय वाटले असेल? २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. बाजारात हा नियम किती पाळला जातो, ते पिल्लू घ्यायला गेलेल्या वाचकांनी आठवून पाहावे.

तिसरी साखळी. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९९४ च्या एका अभ्यासात चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना केली होती. अंगणात बांधून ठेवलेली कुत्री चावणाऱ्यांत असण्याची शक्यता न बांधलेल्यांच्या २.८ पट निघाली. खच्ची न केलेल्या कुत्र्यांचे प्रमाणही असेच जास्त होते. बांधलेला कुत्रा पळून जाऊ शकत नाही. घाबरलेल्या जनावराला दोनच वाटा असतात, पळ किंवा चावा. त्यातली पहिली आपण लोखंडाने बंद करतो.

जातीचे काय, असे कुणीही विचारील. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने तेवीस 'हिंस्र' जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले. संबंधितांशी चर्चा केली नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता आला. अर्थात पन्नास किलोचा कुत्रा चावला आणि दहा किलोचा चावला यातला फरक कुणी नाकारू नये. जबड्याची ताकद जातीवर ठरतेच. पण मोत्या गावठीच होता.

*

आता कायदा. यावर मी वकिलांशी वाद घालणार नाही, फक्त वाचलेले सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. राज्यसभेत त्यासाठी आधी खासगी विधेयक मांडले होते नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. या कायद्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेची यादी आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर बांधणे, हे तिच्यात आहे. त्याच्याच पुढे खास कुत्र्यासाठी एक पोटकलम आहे: कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवले नाही, तर तो गुन्हा. आमच्या परसातली रोजची दिनचर्या म्हणजे हे पोटकलमच होते. आणि दंड? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. १९६० चे पन्नास आणि आजचेही पन्नासच. जनावर मारणे किंवा कायमचे जायबंदी करणे हा मात्र भारतीय न्याय संहितेत, कलम ३२५ खाली, पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आणि आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कुत्र्यावरची क्रूरता वेगळी आणि कुत्र्याचा चावा वेगळा. कलमे वेगळी, तक्रार करणारे वेगळे, एकमेकांवर चिडलेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हेच पुन्हा दिसले. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलला: निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री होती तिथे सोडावीत, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नयेत. दोन्ही आठवड्यांत दूरचित्रवाणीवर माणसे अशी भांडत होती की एका बाजूला मुले आवडणारे आणि दुसऱ्या बाजूला कुत्री आवडणारे. देशात वर्षाला ९१ लाखांच्या आसपास माणसांना प्राणी चावतात, त्यांतले तीन चतुर्थांश चावे कुत्र्यांचे, आणि रेबीजने सुमारे ५७०० माणसे मरतात, असा अलीकडच्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. हे आकडे माणसाच्या बाजूचे आहेत, तसे कुत्र्याच्याही. कारण या रोगाने कुत्राही तितक्याच हालांनी मरतो, आणि दोघांनाही वाचवणारी लस तीच, कुत्र्याला टोचलेली.

एक अवांतर आठवण. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरामागून गेलेला कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. आदिपर्वाच्या सुरुवातीला येणारा कुत्रा फारसा कुणाला आठवत नाही. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे पिल्लू शिरते, त्याचे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जाते. सरमा विचारते, तू काही अपराध केला असशील. ते म्हणते, मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. सरमा राजाला जाब विचारते, उत्तर मिळत नाही. तेव्हा ती शाप देते की तुला न दिसणारे भय येईल. इथे लक्षात घ्यायचे ते असे की आई आधी पिल्लालाच त्याचा अपराध विचारते, आणि मग राजाकडे जाते.

*

मोत्याचे पुढे काय झाले ते राहिले.

चावल्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पांनी नगरपालिकेतल्या एका ओळखीच्या माणसाकडून गोळी आणली. बुंदीच्या लाडवात घातली. मोत्या माझ्याशिवाय कुणाच्या हातचे खात नव्हता, म्हणून लाडू मी दिला. आत काय आहे ते मला माहीत होते. त्या विषाने स्नायू आखडतात आणि शुद्ध शेवटपर्यंत राहते, हे मी नंतर वाचले. पाहिले मात्र त्याच दिवशी. १९८२ च्या दुरुस्तीने १९६० च्या कायद्यात भटक्या कुत्र्यांना स्ट्रिकनीन टोचून किंवा इतर विनाकारण क्रूर रीतीने मारण्याविरुद्ध शब्द आले होते. आमच्या गावापर्यंत ते पोहोचले नव्हते.

आणि शेजारच्या त्या पोराला पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस होती, २००४ च्या अखेरीस ती आपल्याकडे बंद झाली. रोज सकाळी काकू त्याला दवाखान्यात नेत, आणि तो कोपऱ्यावरूनच रडायला लागे. चावलेला कुत्रा दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे समजतात, आणि उरलेली इंजेक्शने थांबवता येतात, हे मला चाळिशीत कळले. मोत्याला बांधून दहा दिवस नुसते पाहिले असते, तर त्या पोराची बरीच इंजेक्शने टळली असती. आम्ही कुत्रा मारला तो पोराची भरपाई म्हणून. त्याची किंमत पोरानेच भरली.

आता असे काही झाले तर करायचे ते एवढे: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, हळद-तिखट काही लावायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठून दंडात लस घ्यायची, जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत टोचायचे इम्युनोग्लोब्युलिनही मागायचे. आणि कुत्रा सुरक्षित बांधून, खायला-प्यायला देऊन दहा दिवस पाहायचा. मारायचा नाही, सोडूनही द्यायचा नाही.

तो शेजारचा मुलगा आता पुण्यात असतो. गालावरचा व्रण दाढीखाली झाकला आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला तेव्हा मी त्याला लाडवाची आणि दहा दिवसांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'दादा, मला वाटायचं तो आपोआप मेला.'

गेल्या जूनमध्ये त्याचा फोन आला. मुलीच्या हट्टाने त्याने संस्थेतून एक कुत्री आणली होती, दीड वर्षाची. थाळीजवळ गेले की गुरगुरते. घरचे म्हणतात, दोन फटके द्या. मी म्हटले, मुलीला आधी लांब ठेव. ती खात असताना हात लावू नकोस, थाळी ओढू नकोस. चार पावलांवरून जाताना थाळीकडे पनीरचा एखादा तुकडा टाक आणि थांबू नकोस, पुढे जा. रोज. ती तुझ्याकडे बघून शेपटी हलवायला लागली की एक पाऊल कमी कर. शिवाय प्राण्यांच्या डॉक्टरला दाखव, दात-कान दुखत असतील तरी असे होते.

परवा मी विचारले, कसे चालले आहे. म्हणाला, आता दोन पावलांवर आलो आहे. अजून कधी कधी गुरगुरते.

'गुरगुरू दे,' मी म्हटले.